धागा: विदर्भातल्या खेड्यातून अल्पाइन स्की रेसर – पॉइंट, बर्फाचे दिवस, गुडघे आणि धार

वऱ्हाडी_मास्तर (पुसद तालुका)

शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर इनलाइन स्केटिंग करणारी नऊ ते चौदा वयाची पोरं-पोरी आहेत. काहींच्या घरून आता थेट विचारणा होते: बर्फावरच्या शर्यतीत, म्हणजे अल्पाइन स्कीत, लेकराला पुढं नेता येईल का, आणि त्यात पोट भरते का? घरच्यांना खोटी आशा द्यायची नाही आणि उगाच नाउमेदही करायचं नाही. म्हणून इथं विचारतो. पॉइंटची पद्धत काय, बर्फ कुठं आणि किती दिवस लागतो, गुडघ्यांचं काय, सामान कसं सांभाळायचं? ज्याले जे पक्कं माहीत आहे त्यानं तेवढंच लिहा, बाप्पा.

गणितवाला_वणी

मास्तर, सुरुवात पॉइंटपासून करा. रेसरचं अख्खं करिअर त्याच आकड्यावर चालतं आणि पालकांना नेमकं तेच कुणी सांगत नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिसच्या यादीत पॉइंट जितके कमी तितका रेसर वरचा. शून्य म्हणजे जगातला सर्वोत्तम. प्रत्येक शर्यतीनंतर तुमचा वेळ विजेत्याच्या वेळेनं भागायचा, त्यातून एक वजा करायचा आणि प्रकाराच्या ठरलेल्या गुणकानं गुणायचं. प्रकार चार: स्लॅलममध्ये वळणाचे खांब सगळ्यांत जवळ, मग जायंट स्लॅलम, मग सुपर-जी, आणि डाउनहिलमध्ये खांब सगळ्यांत दूर नि वेग सगळ्यांत जास्त. स्लॅलमचा गुणक ७३०, जायंट स्लॅलमचा १०१०, सुपर-जीचा ११९०, डाउनहिलचा १२५०.

स्लॅलमचं उदाहरण घ्या. विजेत्याचा दोन्ही फेऱ्यांचा मिळून वेळ १०० सेकंद, आपल्या पोराचा ११२. ११२ भागिले १०० वजा १, म्हणजे ०.१२. गुणिले ७३०, म्हणजे ८७.६. या शर्यतीत एक सेकंद ७.३ पॉइंटला पडला. खांब चुकता चुकता वाचला आणि पाय सावरायला अर्धा सेकंद गेला, की साडेतीन पॉइंट गेले.

त्यात शर्यतीची पेनल्टी मिळवायची. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्या पाच जणांचे यादीतले पॉइंट सर्वांत चांगले, त्यांच्या पॉइंटची बेरीज करा. सुरुवातीच्या रेषेवर असलेल्यांतल्या सर्वोत्तम पाच जणांची बेरीज त्यात मिळवा. पहिल्या दहांतल्या त्या पाच जणांना या शर्यतीत पडलेले पॉइंट वजा करा आणि आलेल्या आकड्याला दहानं भागा. मैदानात तगडे रेसर असले की पेनल्टी कमी, दुबळे असले की जास्त. समजा पेनल्टी ४५ आली, तर आपल्या पोराच्या खात्यावर १३२.६. यादीत प्रत्येक प्रकाराचे गेल्या बारा महिन्यांतले सर्वोत्तम दोन निकाल धरून सरासरी काढतात. एकच निकाल असेल तर वरून भर पडतो.

यातून दोन गोष्टी निघतात. अगदी तगड्या शर्यतीत घुसलं तर पेनल्टी कमी, पण विजेता इतका पुढं निघून जातो की फायदा उरत नाही. अगदी हलक्या शर्यतीत उलट होतं. आपल्या पातळीपेक्षा थोडी वरची शर्यत निवडणं हे प्रशिक्षकाचं अर्धं काम. दुसरं, फेरी पूर्ण झाली नाही तर काहीच मिळत नाही. नवख्यानं पहिल्या हंगामात दोन्ही फेऱ्या पूर्ण करण्यालाच भाव द्यावा.

पैनगंगाकाठ

ऑलिंपिकले किती पॉइंट लागतात मग?

गणितवाला_वणी

बीजिंग २०२२ साठी स्लॅलम आणि जायंट स्लॅलमची किमान रेषा १६० होती. तीही एका निकालावर नाही, अनेक निकालांच्या सरासरीवर. दर ऑलिंपिकला नियम बदलतो, म्हणून ज्या वर्षाची तयारी त्या वर्षाचं पत्रक वाचायचं. आणि रेषा ओलांडली की जागा पक्की असं होत नाही, देशाच्या वाट्याला जागा यावी लागते.

बर्फवाट

गणित वरच्यांनी चोख मांडलं. आता ते पॉइंट मिळवायचे कुठं, ते लिहितो.

फिसच्या शर्यती साधारण सोळाव्या वर्षाच्या हंगामापासून खुल्या होतात. त्याआधी चौदा वर्षांखालील आणि सोळा वर्षांखालील गट असतात. परवाना आणि प्रवेश दोन्ही राष्ट्रीय महासंघामार्फतच, आपल्याकडे स्की अँड स्नोबोर्ड इंडिया. पालकांनी परस्पर पैसे भरून परदेशातल्या शर्यतीत नाव घालता येत नाही. त्यानंतरच्या पायऱ्या अशा: साध्या फिस शर्यती, मग युरोपियन कप किंवा फार ईस्ट कपसारख्या खंडीय मालिका, आणि शेवटी वर्ल्ड कप.

भारतात बर्फ म्हणजे मुख्यतः गुलमर्ग, औली आणि मनालीकडचे उतार. गुलमर्गला भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे, मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचेही स्कीचे वर्ग असतात. पहिला वर्ग साधारण दोन आठवड्यांचा, तोही जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. त्या दोन आठवड्यांत पोरगं थांबायला, आडवं घसरायला आणि समांतर वळायला शिकतं. खांबांमधून शर्यत ही फार पुढची गोष्ट. आल्प्समधली लेकरं तीन-चार वर्षांची असताना स्कीवर उभी राहतात आणि ऑगस्टातही हिमनदीवर नाहीतर चिलीत, न्यूझीलंडला सराव करतात. बर्फावरच्या दिवसांची ही दरी मेहनतीनं थोडी बुजते, पूर्ण बुजत नाही. पालकांना हे तोंडावर सांगा. अठराव्या वर्षी सुरुवात करून वर्ल्ड कप होत नाही. दहा-बाराव्या वर्षी सुरुवात केली, दर हिवाळा बर्फावर काढला, तर फिसचे मानाचे पॉइंट आणि देशाचा संघ ही खरीखुरी शक्यता आहे.

व्हिसाचं कुणीच बोलत नाही. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. सगळे ९० दिवस ऑस्ट्रिया-इटलीत नोव्हेंबरपासूनच वापरले तर जानेवारीअखेरीस पोरगं घरी. म्हणून जाणते लोक शर्यती शेंगेनबाहेर विभागतात: मॉन्टेनेग्रोत कोलाशिन, बोस्नियात याहोरिना, सर्बियात कोपाओनिक, तुर्कस्तान. शिवाय दुबईचा बंदिस्त उतार आहे. काश्मीरच्या आरिफ खाननं बीजिंगची पात्रता दुबई आणि मॉन्टेनेग्रोतल्या शर्यतींतून मिळवली, ते यामुळेच समजून घेण्यासारखं आहे. त्या ऑलिंपिकला भारताचा तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला आणि स्लॅलमची पहिली फेरी त्याला पूर्ण करता आली नाही. हिमाचलच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या एर्झुरूमला स्लॅलमचं कांस्य घेतलं, तीही अशीच शेंगेनबाहेरची शर्यत.

पैनगंगाकाठ

आमच्याकडे पोट्टे पहाटे सोळाशे मीटर धावतात, भरतीसाठी. सैन्यात गेल्यावर स्की शिकवतात म्हणतात. तो रस्ता या खेळाकडे जाते का?

बर्फवाट

जातो, पण कुठपर्यंत ते नीट बघा. सैन्याचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे आणि इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाची पर्वतारोहण व स्कीइंग संस्था औलीत. राष्ट्रीय स्पर्धांत आणि गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत या दलांचे संघ दिसतातच. पण जवान स्कीवर पहिल्यांदा उभा राहतो तो विशीत. त्या वयात चांगला स्कीअर, प्रशिक्षक, बचाव पथकातला माणूस घडतो. जागतिक रेसर घडायला फार उशीर झालेला असतो.

युरोपात गंमत उलटी आहे. तिथं आधी रेसर, मग गणवेश. इटलीची सोफिया गोज्जा ग्वार्दिया दी फिनान्झा या आर्थिक गुन्ह्यांवरच्या पोलीस दलाची, ऑस्ट्रियात सैन्य आणि पोलीस, जर्मनीत सीमाशुल्क आणि सैन्य. पगार दल देतं, रेसर वर्षभर स्की करतो. आपल्याकडे खेळाडू कोट्याच्या भरतीचा विचार करायचा असेल तर आधी राष्ट्रीय पातळीचे निकाल हातात हवेत.

अकोल्याची_फिजिओ

सोळाशे मीटरवरून आठवण दिली ते बरं झालं. धावण्याची ताकद आणि स्की रेसची ताकद वेगळी आहे, दादा. धावताना स्नायू आखडत ढकलतो. वळणात रेसरचा बाहेरचा पाय वाकलेला असतो आणि त्याच्यावर येणारा दाब तो हळूहळू सोडत रोखून धरतो, म्हणजे स्नायू लांबत असताना काम करतो. जायंट स्लॅलमच्या वळणात हा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट होतो. स्लॅलमची फेरी पाऊण ते एक मिनिट, जायंट स्लॅलम मिनिटभराहून जास्त, डाउनहिल दोन मिनिटांच्या आसपास, आणि मांडी सगळा वेळ वाकलेली.

म्हणून घरी काय करायचं:

एका पायाची बैठक. तीसेक सेंटिमीटर उंच पायरीवर उभं राहून दुसरा पाय हवेत, चार मोजत खाली, एका दमात वर. प्रत्येक पायाला आठ, तीन वेळा. समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघा आत पडत असेल तर पायरी कमी करा, आकडा वाढवू नका.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर उभं राहून जोडीदारानं घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून सावकाश पुढं झुकायचं. सुरुवातीला चार-पाचच. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते, म्हणून आठवड्यातून दोनदाच.

शेताच्या धुऱ्यावरून दोन्ही पायांनी आडव्या उड्या, वीस सेकंद उडी, चाळीस सेकंद विसावा. धुरा गुडघ्याखालचा हवा आणि उतरायची जागा सपाट हवी. पंधरा वर्षांवरच्यांना ४० सेंटिमीटरच्या पेटीवर आडव्या उड्या, आधी ६० सेकंद, महिन्या-दोन महिन्यांनी ९०. शेवटच्या वीस सेकंदांत गुडघे आत पडू लागले की तिथंच थांबवायचं.

चौदाखालच्यांना फक्त स्वतःचं वजन, लोखंड नको. आणि एप्रिल-मे महिन्यात सगळं सकाळी सातच्या आत.

आता गुडघ्याचं. या खेळातली ठरलेली दुखापत म्हणजे गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध (एसीएल, हाडं जोडणारा अस्थिबंध) तुटणे. बहुतेक वेळा पडण्याआधीच तुटतो. बाहेरच्या स्कीची पकड सुटते, रेसर पाय लांब करून ती परत मिळवायला बघतो, आतली धार एकदम बर्फात घुसते आणि गुडघा आत ढकलला जाऊन पिळला जातो. हे इतकं झटकन होतं की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि जोर आला की सोडणारी पकड, सुटायला वेळ मिळत नाही. बाइंडिंग नडगी वाचवते, क्रूसबंधाची हमी देत नाही. शस्त्रक्रियेनंतर खांबांमध्ये परतायला किमान नऊ महिने धरा, म्हणजे एक हंगाम गेलाच. मुलींत वयात आल्यावर हा धोका वाढतो, म्हणून उडी मारून नीट उतरणं अकराव्या-बाराव्या वर्षीच शिकवा.

वऱ्हाडी_मास्तर

ताई, हे छापून वर्गात लावतो. स्केटिंगचा उपयोग किती होतो पण? पोट्टे म्हणतात, आम्हाले वळणं येतात.

बर्फवाट

निम्मा उपयोग, निम्मा अडथळा. नजर दोन खांब पुढं ठेवणं, बाहेरच्या पायावर वजन देणं, खांबाच्या वर वळण सुरू करणं, हे तिघंही चाकांवर बसवता येतं. हलक्या उतारावर प्लास्टिकचे शंकू लावून सराव घ्या. अंतर सारखं ठेवू नका. तीन शंकू आठ मीटरवर, मग दोन सहावर, मग एकदम बारावर, म्हणजे ताल मोडायची सवय लागते. खऱ्या स्लॅलममध्ये खांबांतलं अंतर ६ ते १३ मीटर असतं, आणि उताराच्या उंचीच्या ३० ते ३५ टक्के इतकी वळणं. दोनशे मीटर उंचीच्या उतारावर साठ-सत्तर वळणं झाली.

अडथळा असा की चाक आडवं घसरत नाही. बर्फावर वेग मारायचा तो स्की आडवी घसरवून, आणि स्केटरला तो अंदाजच नसतो. दुसरं, स्केटर आतला पाय उचलतो. तिसरं आणि सगळ्यांत वाईट, घाबरला की टाचेवर बसतो. स्कीवर टाचेवर बसलं की पुढचं टोक हलकं होतं आणि स्की वळतच नाही. नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली हवी.

घाटरस्त्यावर, मग तो चिखलदऱ्याचा का असेना, पोरांना चाकांवर सोडू नका. वाहनं आहेत आणि वळणापलीकडचं दिसत नाही.

कानस

मी सामानावर लिहितो. चांगले पाय असलेलं पोर बोथट धारेमुळे मागं पडताना फार दिसतं आणि ते अगदी टाळता येण्यासारखं आहे.

शर्यतीचा उतार मऊ नसतो. त्याच्यात पाणी मुरवून तो बर्फाच्या लादीसारखा कडक करतात, म्हणजे शेवटच्या क्रमांकापर्यंत टिकावा. तरी साठाव्या-सत्तराव्या क्रमांकाला खांबाभोवती खोल चर पडलेले असतात, आणि जास्त पॉइंटवाल्याला तोच मार्ग मिळतो. तिथं धार नसेल तर स्की थरथरत खाली जाते.

विळ्याची धार पातळ असते. स्कीची धार म्हणजे पोलादी पट्टीचा जवळजवळ काटकोनी काठ. तळाकडून अर्धा ते एक अंश उचलतात, बाजूनं ८८ किंवा ८७ अंशांचा कोन. स्लॅलमला तळाकडून अर्धा अंशच, म्हणजे चटकन धरते. वेगाच्या प्रकारात एक अंशाजवळ, म्हणजे सरळ जाताना उगाच ओढत नाही. तळाकडचा कोन एकदा जास्त घासला गेला की हातानं परत येत नाही, यंत्रावर तळ घासावा लागतो. म्हणून तळाकडे शिकाऊ हात लावू द्यायचा नाही.

बाजूच्या धारेची रीत: स्की व्हाइसमध्ये आडवी बसवा, बाइंडिंगचे ब्रेक रबरानं वर बांधा. धारेवरून बोट नको, नजर फिरवा आणि दगड लागलेल्या जागा शोधा. दगड घासला की पोलाद तिथं तापून कडक होतं आणि कानस त्यावरून नुसती सरकते. जोर लावला तर कानसच बोथट होते. आधी त्या जागेवर हिऱ्याची जाड पट्टी ओली करून फिरवा. मग कोनाच्या गाइडमध्ये कानस पकडून टोकाकडून शेपटीकडे एकाच दिशेनं लांब ओढ द्या. चार-पाच ओढींत चुरा सारखा पडू लागला की पुरे. त्यानंतर हिऱ्याच्या पट्ट्या १००, २००, ४०० अशा क्रमानं. काठाला उभी राहिलेली बर, म्हणजे पोलादाची बारीक कड, तळावर सपाट दगड हलका फिरवून काढा. बर राहिली तर स्की मध्येच धरते आणि पोर अकारण पडतं. तपासायला नख धारेवर आडवं ओढा, नखाचा पांढरा भुगा सगळीकडे सारखा निघाला पाहिजे.

मेण: इस्त्री १२० अंशांच्या आसपास. धूर निघाला तर जास्त झाली. इस्त्री थांबवायची नाही, एका जागी राहिली की पॉलिथिनचा तळ वितळून बंद होतो आणि पुढं मेण पीतच नाही. खोलीच्या तापमानाला पूर्ण गार होऊ द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग पितळी ब्रश, मग नायलॉन. थंड बर्फाला कडक मेण, ओल्याला मऊ. फ्लोरिनचं मेण फिसच्या शर्यतींत २०२३-२४ पासून बंद आहे. जुन्या दुकानातला डबा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका, तळावर अंश सापडला तरी पोर बाद होतं.

आणि मास्तर, हे नीट ऐका. वर्ल्ड कपच्या रेसरमागे धार-मेण करणारा तंत्रज्ञ असतो, बहुतेक वेळा स्कीच्या कंपनीच्या पगारावर. शर्यतीच्या निकालात त्याचा वाटा मोठा. आयटीआयचा फिटर झालेलं, सपाट कानस मारता येणारं पोर गुलमर्ग-औलीच्या भाड्याच्या दुकानांत एक हिवाळा राहिलं तर पुढचं काम त्याला शिकता येतं. उशिरा सुरू करणाऱ्यासाठी या खेळात जगायचा हा मला सर्वांत भक्कम दरवाजा वाटतो.

गणितवाला_वणी

पैशाचा प्रश्न राहिला होता. वर्ल्ड कपचे गुण फिस पॉइंटपेक्षा वेगळे, तिथं जास्त तितके चांगले. पहिल्याला १०० गुण, मग ८०, ६०, ५०, ४५ असे उतरत तिसाव्याला एक. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये पहिल्या फेरीतले तीसच दुसरीत जातात. एकतिसावा आला तो रिकाम्या हातानं हॉटेलवर परत. बक्षिसाची रक्कम वरच्यांनाच बरी मिळते. बाकीचं उत्पन्न म्हणजे स्की कंपनीचा करार आणि विजयावरची रक्कम, शिवाय हेल्मेटवरची जागा, जी बहुधा रेसर स्वतः विकतो. त्याखालच्या पायऱ्यांवर, म्हणजे खंडीय मालिकांत आणि साध्या फिस शर्यतींत, पैसा जातो, येत नाही. तिथं घर, राज्य, दल किंवा प्रायोजक लागतो.

वर्षांचा हिशेब: अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन वयाच्या पंधराव्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये उतरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये इटलीतल्या सेस्ट्रिएरला तिचा १००वा विजय झाला. ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरनं २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा एकूण विजेतेपद घेऊन तिशीतच थांबायचं ठरवलं. डाउनहिलवाले जास्त टिकतात. फ्रान्सचा जोहान क्लारे बीजिंगला रौप्य जिंकला तेव्हा ४१ वर्षांचा होता.

पैनगंगाकाठ

एक शेवटचं. जुनी स्की कुणी पोराले दिली तर उन्हाळ्यात ठेवायची कशी? इथं टिनाखाली तर भट्टी होते.

कानस

टिनाखाली अजिबात नाही. उष्णतेनं थर सुटतात आणि बुटाचं प्लास्टिक बसतं. मातीच्या भिंतीची, सावलीतली, कोरडी खोली बघा. ठेवण्याआधी धार पुसून कोरडी करा, तळावर मेणाचा जाड थर द्या आणि तो काठावरून धारेवर उतरू द्या. खरवडायचा नाही. पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. दोन स्की तळाला तळ लावून घट्ट बांधू नका, नाहीतर मधली कमान बसते. बुटांच्या कड्या सैल लावून ठेवा, उघड्या ठेवल्या तर कवच पसरतं. आतलं अस्तर काढून वाळवा आणि परत घाला.

बाइंडिंगचा आकडा जुन्या मालकाचा असेल. तो पोराच्या वजनाला, उंचीला, वयाला आणि बुटाच्या तळाच्या लांबीला धरून जाणकाराकडून नव्यानं लावून घेतल्याशिवाय त्या स्कीवर लेकराला उभं करू नका.